काळोखाला कड

बालाघाट जिल्ह्याच्या बैहर भागातून बंजर नदी उत्तरेकडे वाहते, कान्हाच्या रानातून वाट काढते आणि मंडल्याला नर्मदेत मिसळते. या नदीच्या दोन्ही अंगांना सालाचे, इकडच्या बोलीत सरईचे, दाट जंगल आहे. मधूनमधून बांबूची बेटे, मोहाची आणि साजाची झाडे, आणि पठारावर गवताची मोकळी मैदाने. शहरातून दोन दिवस कान्हाच्या मुक्की फाटकाजवळ येऊन राहणारा प्रवासी परत जाताना सांगतो, की इथे फार शांत वाटते. सकाळच्या उन्हात, जीपमध्ये बसून, सोबत वाटाड्या असताना ते खरेही असते. पण याच रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गोंड आणि बैगा माणसांच्या कथा ऐकाव्यात, तर त्यांत शांततेचा उल्लेख क्वचितच येतो. त्यांत वाघ असतो, वाघाचा देव असतो, पिकात घुसणारी डुकरे असतात, पावसाळ्यात वाटा गिळणारे नाले असतात आणि सूर्य मावळल्यावर सुरू होणारे दुसरेच जग असते. रान माणसाला अन्न देते तसे भयही देते. असे असताना याच रानातून, याच पट्ट्यातून, भारतातली काही सर्वांत शांतवणारी चित्रे निघाली आहेत. ही शांतता आली कुठून? ती निसर्गातून चित्रात जशीच्या तशी उतरली, हे उत्तर सोपे आहे, पण मला ते चुकीचे वाटते. माझे म्हणणे असे, की निसर्गावरचे चित्र शांतवते ते त्यातला काळोख काढून टाकल्यामुळे नव्हे, तर त्या काळोखाला कड दिल्यामुळे. त्याला एक जागा, एक सीमा, एक आकार दिल्यामुळे.

याचा पहिला साक्षीदार सैयद हैदर रझा. जन्म 22 फेब्रुवारी 1922, मंडला जिल्ह्यात. वडील वनखात्यात डेप्युटी रेंजर, त्यामुळे घर रानाच्या पोटात आणि शेजार गोंडांचा. मंडला आणि बालाघाट हे आज दोन जिल्हे असले, तरी रान एकच आहे. बालाघाट जिल्हाच मुळी 1867 साली मंडला, शिवनी आणि भंडारा यांचे भाग जोडून उभा केला गेला, आणि बैहरचे पठार नकाशावर कोणत्याही जिल्ह्यात दाखवले तरी झाडांना त्याचा पत्ता नसतो. रझांनी आपल्या बालपणाविषयी पुढे अनेकदा सांगितले, आणि त्या सांगण्यात एक गोष्ट ठाम आहे: रात्री भयाण असत. अंधारात रान अक्राळविक्राळ होई, आणि त्यात माणसाच्या ओळखीचे असे काही असेल तर ते गोंडांच्या नाचाचे आवाज. मग उजाडले की जीव भांड्यात पडे, आणि बाजाराच्या दिवशी ऊन आणि रंग यांनी गाव उजळून निघे. पुन्हा रात्र. भय आणि दिलासा यांची ही आलटूनपालटून येणारी जोडी आपल्या चित्रांत कायम राहिली, असे त्यांनी स्वतः म्हटले आहे. ज्याला आपण ‘निसर्गाच्या शांततेचा चित्रकार’ म्हणून ओळखतो, त्याच्या निसर्गाची सुरुवात अशी धास्तीतून आहे.

दुसरी गोष्ट शाळेतली. काकैयाच्या प्राथमिक शाळेत हा मुलगा चंचल होता, अभ्यासात लक्ष नसे. नंदलाल झारिया या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याला सांगितले, बाकी सगळे विसर आणि याच्याकडे बघत बस. ही कथा रझांच्या प्रत्येक चरित्रात येते, आणि बहुतेक ठिकाणी ती ‘बिंदू’ या त्यांच्या प्रसिद्ध मालिकेचे बीज म्हणून सांगून सोडून दिली जाते. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते वेगळे. गुरुजींनी मुलाला रानाकडे बघायला सांगितले नाही. खिडकीबाहेर झाडे, पाखरे, आभाळ सारे काही होते, आणि मन उधळत होते ते बहुधा त्यानेच. भिंतीवरच्या ठिपक्याने दिली ती कड: इथे थांब, याच्या पलीकडे आत्ता जायचे नाही. मनाला विसावा मिळाला तो निसर्गाने नव्हे, निसर्गातून नजर आवरून घेतल्याने.

पण आवरून घेणे हे एका ठिपक्याने साधत नाही, त्याला रझांची पुढची पन्नास वर्षे लागली. दमोहचे हायस्कूल, 1939 ते 1943 नागपूरच्या कलाशाळेत शिक्षण, मग मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. 1947 साली सूझा, आरा, हुसेन, बाकरे आणि विदर्भातले हरी अंबादास गाडे यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप. त्या काळातली त्यांची निसर्गदृश्ये जलरंगात भराभर वाहणारी, चमकदार आणि लोकांना आवडणारी होती. 1948 मध्ये काश्मीरला फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी ती पाहिली आणि सांगितले, की तुझ्यात गुण आहेत, पण चित्रांत रचना नाही, सेझान अभ्यास. तरुण चित्रकाराला हे झोंबणारे असते. रझांनी ते मनावर घेतले, फ्रेंच शिकले आणि 1950 मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. रचना म्हणजे काय, तर डोळ्यांसमोरच्या पसाऱ्यात कुठला भाग कुठल्या भागाला धरून ठेवतो हे शोधणे. पुढे 1962 मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात शिकवायला गेले असताना अमेरिकन चित्रकारांची, विशेषतः रॉथ्कोची, मोठी रंगक्षेत्रे त्यांनी पाहिली, आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत त्यांच्या कॅनव्हासवर रान पुन्हा उसळून आले. 1972 चे ‘तपोवन’ हे त्या काळातले. त्यात झाड ओळखता येत नाही, पाऊलवाट दिसत नाही. काळ्या-तपकिरी दाटीतून तांबडे आणि पिवळे पेटून उठते. हे चित्र सुंदर आहे, पण शांत नाही. त्याच्या शेजारी 1980 नंतरची चित्रे ठेवली, तर काय घडले ते उघड दिसते. तोच काळा, तोच तांबडा, तीच मातीची पिवळाई. पण आता काळा रंग सगळीकडे पसरत नाही. तो एका वर्तुळात बसला आहे. भोवती चौकोन, त्रिकोण, आडव्या पट्ट्या. 1981 च्या ‘माँ’ या चित्रात हा काळा गोल एका बाजूला जड, स्थिर होऊन राहतो, आणि बाकीचा कॅनव्हास त्याच्या भोवती श्वास घेतो. रात्र गेलेली नाही. तिला कड आली आहे.

यावर आक्षेप घेता येतो, आणि तो हलका नाही. चित्रकाराने उतारवयात सांगितलेली बालपणाची कथा पुरावा म्हणून किती धरायची? रझांचा बिंदू ज्या काळात आला, त्या काळात तांत्रिक चिन्हांची भारतीय चित्रकलेत चलतीच होती. अजित मुखर्जींचे ‘तंत्र आर्ट’ हे पुस्तक 1967 मध्ये आले होते, बिरेन डे आणि जी. आर. संतोष यांची वर्तुळे आणि यंत्रे गाजत होती, आणि परदेशात राहणाऱ्या चित्रकाराला ‘भारतीय’ ठरण्याची गरजही होती. तेव्हा मंडल्याचे रान ही नंतर जोडलेली कहाणी नाही कशावरून? मला वाटते, प्रभाव मान्य करूनही मुद्दा उरतो. भोवऱ्यासारखे फिरणारे वर्तुळ कुणालाही यंत्रातून उचलता येते; ‘तपोवन’मधला काळोख उचलता येत नाही, आणि तो बिंदूच्या आधीचा आहे. बिंदू-चित्रांत जी चांगली आहेत त्यांत हा आधीचा काळोख वजनासह हजर असतो. आणि जी तितकीशी चांगली नाहीत, शेवटच्या दोन दशकांतली स्वच्छ, आखीव, एकामागून एक निघालेली अनेक, त्यांत कड तेवढी उरली आहे. आवरायला आत काही नाही. ती डोळ्यांना गोड वाटतात आणि लवकर विसरली जातात. लिलावात 1983 च्या ‘सौराष्ट्र’ला 2010 साली सोळा कोटींवर किंमत आली, त्यानंतर आकडे आणखी चढले. किमतीवरून शांततेचे मोजमाप होत नाही, पण ‘सौराष्ट्र’मध्ये रंगाची जी धग चौकटींत कोंडलेली आहे ती पाहिली, म्हणजे नुसत्या भूमितीपासून ते चित्र किती दूर आहे हे कळते.

रझा पॅरिसमध्ये ज्या प्रश्नाशी झगडत होते, त्याचे उत्तर त्यांच्या जन्मगावाच्या शेजारच्या गोंड घरांच्या भिंतींवर बाया-माणसे केव्हापासून काढत होती. ढिगना म्हणजे सणावाराला, लग्नकार्याला घराच्या भिंतीवर आणि जमिनीवर मातीच्या रंगांनी काढायची नक्षी. पांढरी छुई, गेरू, पिवळी माती, कोळसा. आज डिंडोरी जिल्ह्यात असलेल्या पाटनगढ गावी 1981 च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनासाठी लोककलेचा शोध घेत फिरणाऱ्या, चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी पाठवलेल्या चमूला अशाच भिंतींवरची चित्रे दिसली, आणि विशीतला जनगढ सिंह श्याम भोपाळला आला. तो परधान गोंड. त्याच्या जातीचे काम बाना वाजवून गोंड यजमानांच्या देवांच्या आणि वंशांच्या कथा गाण्याचे. हातात पोस्टर रंग आणि कागद आल्यावर त्याने काय केले? त्याने देव, झाडे, पाखरे, हरणे यांची बाह्यरेषा काढली आणि आतली जागा ठिपक्यांनी, बारीक रेघांनी, कंगव्याच्या दातांसारख्या ओळींनी भरली. पुढे 1989 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या ‘जादूगार पृथ्वीचे’ या अर्थाच्या नावाच्या मोठ्या प्रदर्शनात त्याची चित्रे गेली, चार्ल्स कोरिया यांनी बांधलेल्या भोपाळच्या विधानभवनात त्याने भिंती रंगवल्या, आणि त्याच्या नातेवाइकांनी, गावकऱ्यांनी ही रीत इतकी पुढे नेली, की आज तिला ‘जनगढ कलम’ म्हणतात.

आतल्या जागेच्या या भरणाकडे जवळून पाहायला हवे, कारण माझा सगळा मुद्दा त्यात आहे. कुठल्याही बऱ्या गोंड चित्रात झाड आधी एका सलग रेषेने जगापासून वेगळे केले जाते. मग चित्रकार आत शिरतो. खोडावर एक ओळ रेघांची, तिला चिकटून ठिपक्यांची, पुन्हा रेघा. फांदीला वळण आले की ओळही वळते, पण तुटत नाही. प्रत्येक चित्रकाराचे भरण वेगळे, सहीसारखे, आणि जाणकार माणूस त्यावरूनच हात ओळखतो. हे काम तासन्‌तास चालते. बघणाऱ्याची नजरही त्याच गतीने चालते: आधी सबंध झाड एका झटक्यात दिसते, मग नजर एका पानात अडकते, पानातल्या ठिपक्यांवरून पुढच्या पानात जाते, आणि कितीही भटकली तरी बाह्यरेषेच्या आत राहते. रानात नजर भटकली तर हरवते, चित्रात ती भटकूनही घरी असते. भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंह उर्वेती यांचे ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ हे पुस्तक चेन्नईच्या तारा बुक्सने 2006 मध्ये काढले. त्याची पाने काळी आहेत, आणि झाडे त्या काळ्यावर उजळतात. रात्रीची झाडे हा विषय त्यांनी निवडावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. गोंडांचा बडा देव साजाच्या झाडात राहतो. म्हणजे ज्या काळवंडलेल्या, मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीच्या झाडाजवळून रात्री जाताना छातीत धडधडावे, तेच झाड पूजेचे. भीती आणि आदर यांची गाठ इथे आधीच बांधलेली आहे. चित्रकार ती सोडवत नाही, तिला ओळीत बसवतो.

आता कातरकामाकडे आणि चिकटवण्याकडे, म्हणजे ज्याला आपण कोलाज म्हणतो तिकडे वळतो, कारण कड देण्याची ही सर्वांत उघड रीत. कात्री कागदात शिरते तेव्हा आकार आणि बाकीचे जग यांच्यात मऊ संक्रमण उरत नाही. कलेच्या इतिहासात कोलाजची सुरुवात 1912 मध्ये पिकासो आणि ब्राक यांच्यापासून मोजतात, पण निसर्गाच्या बाबतीत त्यांच्या आधी सुमारे एकशे चाळीस वर्षे इंग्लंडमधल्या मेरी डेलनी यांनी हे काम करून ठेवले होते. दुसऱ्यांदा वैधव्य आल्यावर, वयाच्या बाहत्तराव्या वर्षी, त्यांनी कागद कापून फुले चिकटवायला घेतली आणि दृष्टी मंदावेपर्यंत सुमारे दहा वर्षांत 985 फुले पूर्ण केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. समोर खरे फूल ठेवून, त्याच्या पाकळ्या-पुंकेसर मोजून, रंगवलेल्या कागदाचे बारीक तुकडे त्या एकावर एक लावत. कृष्णकमळाच्या जातीच्या एका फुलाला दोनशेहून अधिक तुकडे लागले आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांची अचूकता वाखाणली. आणि प्रत्येक फुलाची पार्श्वभूमी काळी. नुसती सजावट करायची असती, तर पांढरा कागद, निळे आभाळ काहीही चालले असते. काळ्यावर ठेवलेल्या फुलाला मात्र आपली कड स्वतः सांभाळावी लागते. एक तुकडा चुकला तर काळे आत येते. पाटनगढच्या चित्रकारांचा आणि या बाईंचा संबंध काही नाही. तरीही दोघांनी उजळ आकार काळ्यावर मांडला, याचे कारण हाताला सापडलेले सत्य एकच आहे, असे मी मानतो.

आपल्याकडेही असे काम आहे. शांतिनिकेतनचे बिनोद बिहारी मुखर्जी यांची दृष्टी 1957 च्या सुमारास पूर्ण गेली, आणि त्यानंतर त्यांनी रंगीत कागद कापून, चिकटवून चित्रे केली. बोटांना कागदाची कड लागते, रंगाची लागत नाही. वासुदेव गायतोंडे तर जन्माने नागपूरचे, 1924 सालचे, घराणे गोव्याचे. त्यांच्या कॅनव्हाससमोर उभे राहिल्यावर लोकांना समुद्र आठवतो, धुके आठवते, पाण्याखालचा उजेड आठवतो. ते स्वतः मात्र कुठलाही देखावा काढल्याचे नाकारत. त्यांच्या पद्धतीत कागद होता, पण उलट्या बाजूने: रोलरने आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर द्यायचे, वर्तमानपत्राचे वा मासिकाचे फाडलेले तुकडे त्या ओल्या थरांशी टेकवायचे आणि उचलायचे. तुकडा जातो, त्याची कड राहते. वर्षाला पाच-सहा चित्रे एवढाच त्यांचा वेग. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने 2014 मध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा जगाला जे दिसले ते हे, की निसर्गाचा एकही आकार न काढता निसर्गासमोर बसल्यासारखी स्तब्धता आणता येते. ‘निसर्ग हा विषयच शांतवतो’ या समजुतीला याहून मोठा अपवाद मला माहीत नाही.

विज्ञान या बाबतीत काय सांगते? सर्वांत जास्त सांगितला जाणारा पुरावा रॉजर उलरिच यांचा, 1984 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेला. पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या 23 जोड्या त्यांनी नोंदींवरून लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे 8.70 दिवसांत, वेदनाशामक तीव्र औषधेही पहिल्यांना कमी लागली. याचा निष्कर्ष सहसा असा काढतात, की निसर्ग शांतवतो आणि चित्र ही त्याची नक्कल. मला या अभ्यासात झाडांइतकीच खिडकी दिसते. रुग्ण पलंगावर सुरक्षित होता, हाकेला परिचारिका होती, आणि झाडे चौकटीत होती. त्याच माणसाला तशाच अवस्थेत त्या झाडांखाली रात्रभर ठेवले असते, तर कुणी सुधारणेची अपेक्षा केली असती का? चौकट असलेला निसर्ग हा चित्राच्या वाटेवर अर्धा आलेला निसर्ग असतो.

याच संशोधकाचा पुढचा अभ्यास मात्र माझ्या मुद्द्याला थेट अडवतो, म्हणून तो टाळून चालणार नाही. 1993 मध्ये स्वीडनच्या उप्सला इथे हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांसमोर वेगवेगळी चित्रे ठेवली गेली. पाणी आणि झाडे असलेले मोकळे दृश्य पाहणाऱ्यांची चिंता कमी होती. काटकोनी आकारांचे अमूर्त चित्र पाहणाऱ्यांची चिंता मात्र चित्रच नसलेल्या रुग्णांपेक्षाही जास्त निघाली. म्हणजे कड आणि चौकोन एवढ्याने शांतता येत असती, तर हे उलटे का व्हावे? मला वाटते, यातून माझा मुद्दा पडत नाही, पण त्याला मर्यादा पडते. अमूर्त चित्र पाहणाऱ्याकडून काम मागते, रझांचा बिंदूही मागतो. नुकत्याच छाती उघडलेल्या, गुंगीतल्या माणसाकडे ते देण्याइतके बळ नसते. त्याला ओळखीचे काही हवे असते. आणि ज्या कडेच्या आत काहीच ओळखीचे नाही, ती आसरा न वाटता भिंत वाटू शकते. म्हणून आजाऱ्याच्या खोलीत मी रझा लावणार नाही. गोंड चित्र मात्र नक्की लावीन. त्यात झाड झाडच आहे, हरीण हरीणच आहे, आणि तरीही प्रत्येक इंच शिस्तीत भरलेला आहे.

करणाऱ्याच्या हाताला काय मिळते, याचाही थोडा पुरावा आहे. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी 39 प्रौढांना 45 मिनिटे माती, रंगीत पेन आणि कोलाजचे साहित्य देऊन हवे ते करू दिले, आणि आधी व नंतर लाळेतले कॉर्टिसोल मोजले. 2016 मध्ये आलेल्या या अभ्यासात सुमारे तीन चतुर्थांश लोकांत ते घटले, आणि आधी कला शिकलेले असण्या-नसण्याने विशेष फरक पडला नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे नुसते निवांत बसूनही हेच झाले असते का, याचे उत्तर या प्रयोगात नाही. त्यावर मोठा इमला उभारू नये. पण डेलनींचा दशकभराचा परिपाठ आणि ढिगन्यातला संथ हात पाहिल्यावर या आकड्यांचे नवल वाटत नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर. ज्या रानावरून ही शांत चित्रे निघतात, ते रान शांत ठेवले गेलेले नाही. बालाघाट जिल्ह्यातच मलाजखंडची तांब्याची उघडी खाण आहे, भरवेलीचे मँगनीज आहे. कान्हाच्या गाभ्यातून, बारशिंगा आणि वाघ वाचवण्यासाठी, गोंड-बैगांची अनेक गावे उठवली गेली. बारशिंगे 1970 च्या सुमारास 66 वर आले होते आणि त्यानंतर सावरले, हेही खरे, पण किंमत कुणी मोजली हे विसरता येत नाही. आणि स्वतः जनगढने 2001 मध्ये, जपानमधल्या एका संग्रहालयासाठी काम करत असताना, गावापासून हजारो मैल दूर आपले आयुष्य संपवले. मग या चित्रांतली शांतता ही बघणाऱ्यांची चैन आणि काढणाऱ्यांची फसवणूक नाही का? मी या प्रश्नापुढे मान झुकवतो, पण उत्तर ‘हो’ असे देत नाही. चित्र काढणाऱ्याला वाचवू शकते, असा दावा मी केलेला नाही. एकटेपणावर, कराराच्या जाचावर आणि परक्या मुलखावर रेषेची मात्रा चालत नाही, तिथे माणसे लागतात. चैनीचा आरोप लागू होतो तो काळोख पुसून टाकलेल्या चित्रांना: हिरवळ, धबधबा, सूर्यास्त यांच्या त्या छापील फलकांना, ज्यांत ना वाघ आहे ना उठवलेले गाव. गोंड चित्रात साप पक्ष्याच्या घरट्याकडे चढतो, वाघाच्या पोटात हरीण दिसते, शहरात आलेला परधान विमानाला पंख असलेला हत्ती म्हणून काढतो. तिथे भय आहे, तुटणे आहे. ते झाकलेले नाही, म्हणूनच त्याच्यासमोर बसवते.

गोंड चित्रकलेला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी भज्जू श्याम यांना 2018 मध्ये आणि दुर्गाबाई व्याम यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. तरीही रस्त्याकडेच्या भिंतींवर आज ‘गोंड शैली’ म्हणून जे साच्याने छापले जाते, त्यात बाह्यरेषा असते आणि आत कंटाळलेल्या हाताचे सारख्या मापाचे ठिपके. ती कड आहे, भरण नाही. बालाघाट, गोंदिया, भंडारा, मंडला या पट्ट्यातल्या रुग्णालयांनी, शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी भिंत रंगवायची ठरवली, तर ठेकेदाराला साचा देण्याऐवजी पाटनगढच्या वा बैहरच्या चित्रकाराला बोलवावे, त्याला त्याच्या गतीने भरू द्यावे, कामाचे पूर्ण पैसे द्यावेत आणि चित्राच्या कोपऱ्यात त्याचे नाव लिहू द्यावे. प्रसूतिकक्षाबाहेरच्या बाकावर रात्रभर बसलेल्या माणसासमोर साजाचे एक झाड असावे, एवढी मागणी काही मोठी नाही.